धाकटीचा तोल

त्या घराला गावात बुडवे म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, चांगलं होतं, दारावरच्या पाटीवर रंगवलेलंही होतं. पण पाटी वाचतो कोण? नदीवरची जुनी आगबोट बुडाली तेव्हा सुकाणू ज्याच्या हातात होतं, त्याचा मुलगा बुडवे, आणि नातू मोठा होऊन बसवर ड्रायव्हर झाला तर तोही बुडवेच. बसमध्ये चढताना लोक विचारत, "आज पोहता येणाऱ्यांनीच बसायचं का?" ड्रायव्हर समोर बघून हसे. नोकरीभर तो असा समोर बघून हसला. एकही अपघात न करता निवृत्त झाला, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात डेपोचे साहेब म्हणाले, याचं श्रेय रस्त्यावर पाणी नसण्याला द्यायला हवं. सगळे पोट धरून हसले. ड्रायव्हरही हसला, आणि घरी येऊन भेट मिळालेलं घड्याळ कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

बुडालेल्या बोटीला गावात थोरली म्हणत. तिच्या दोन्ही अंगांना फळ्यांची मोठमोठी चाकं होती, ती पाणी कापत फिरायची आणि त्यांच्यावर बोट चालायची. वळणापाशी, जिथे अर्धवट सोडलेल्या पुलाचा एकटा खांब नदीत उभा आहे, तिथे ती एका सुट्टीच्या दिवशी खांबावर गेली. बरीच माणसं परत आली नाहीत. चौकशी झाली आणि सुकाणूवाला प्यायलेला होता असं ठरलं. तो स्वतः बुडालेल्यांत होता, त्यामुळे त्याने हरकत घेतली नाही. चौकशी करणाऱ्यांना असा माणूस फार आवडतो.

त्याचा मुलगा, म्हणजे ड्रायव्हरचे बाबा, त्या दिवशी धक्क्यावर आईचा हात धरून बोटीची वाट बघत उभे होते. तेव्हा ते लहान होते. आता ऐंशीच्या अलीकडे पलीकडे कुठेतरी होते, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. आयुष्यभर त्यांनी एकच वाक्य सांगितलं, न्हाव्याला, दूधवाल्याला, सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांना: माझा बाप थेंबाला शिवत नव्हता. लोक मान डोलावत. मान डोलवायला काय जातं. एका पाहुण्याने मान डोलावली आणि मुलगी दुसऱ्या घरात दिली.

अशा गावाने एक दिवस थोरली पुन्हा बांधायची ठरवली. कारण शेजारच्या गावाने चौकात रंग बदलणारं कारंजं बसवलं होतं. एवढं कारण पुरतं. दातांचे डॉक्टर समितीचे अध्यक्ष झाले, कारण त्यांच्यापुढे सगळं गाव कधी ना कधी तोंड उघडं टाकून पडलेलं होतं आणि त्यांना नाही म्हणायची कुणाला सवय नव्हती. नव्या बोटीचं नाव आपोआप धाकटी पडलं. जुन्या शाळेच्या बाकांचं लाकूड आलं, बंद गिरणीचा बॉयलर आला, गिरणीतला निवृत्त फिटर बॉयलरमागोमाग आपणहून आला. बायकांनी अंगणात पसरून छताचं कापड शिवलं. गाव एरवी गटार कोणाच्या दारावरून न्यायचं यावरही एक होत नसे. ते इथे सुताराच्या हाताखाली गपगुमान रंधा मारत होतं. हे सगळं खरोखर चांगलं होतं, आणि त्याची चेष्टा करायचं काही कारण नाही.

चेष्टा करण्यासारखी गोष्ट एकच होती. ती म्हणजे फोटो.

थोरलीचे नकाशे कुठेच नव्हते. होता तो एक फोटो, धडधडीत स्वच्छ, शेवटच्या फेरीला निघायच्या सकाळी धक्क्यावर काढलेला. समितीचं ब्रीदवाक्य ठरलं: जशी होती तशी. फोटोत जे आहे ते बोटीत असणार, फोटोत नाही ते बोटीत नाही. कठड्याला एका जागी पोचा होता, तर नव्या कठड्याला लोहाराकडून मुद्दाम पोचा पाडून घेतला. मागच्या बाजूला एक काळा ठिपका होता. तो कंदील की फोटोवरचा डाग, यावर दोन सभा झाल्या आणि शेवटी तिथे कंदील लागला.

सुकाणूवर कोण, हा प्रश्न आला तेव्हा डॉक्टरांनी ड्रायव्हरचं नाव पुढे केलं. ज्याच्या आजाने बुडवली त्याच्याच नातवाने तारावी, यात काहीतरी हृदयस्पर्शी आहे, वर्तमानपत्रवाले येतील, असं ते म्हणाले. शिवाय मोठं वाहन चालवलेला दुसरा रिकामा माणूस गावात नव्हता. ड्रायव्हर नाही म्हणणार होता. पण त्याने घरी नुसतं सांगितलं, आणि बाबा आरशापुढे जाऊन दाढी करायला बसले. दुपारी. मग त्याला नाही म्हणता आलं नाही. पाण्यावरचा परवाना काढण्यासाठी तो खालच्या बंदरात जाऊन पोरासोरांबरोबर वर्गात बसला आणि पास झाला.

पहिली चाचणी वाळूच्या पोत्यांवर झाली. पोती बाकांवर मांडली होती, माणसांसारखी, पण माणसांपेक्षा शिस्तीत. धाकटी सुतासारखी सरळ गेली आणि आली. दुसऱ्या चाचणीला समितीची मंडळी चढली. घरचे लोक धक्क्यावर उभे होते. वळण आलं, धक्का दिसायला लागला, तशी समितीच्या बायका तिकडून पदर हलवायला लागल्या, आणि सगळी समिती उजव्या कठड्याकडे धावली. एकटे डॉक्टर धावले नाहीत. ते आधीपासून तिथे होते.

ड्रायव्हरला ते आधी हातात कळलं. सुकाणू हलकं झालं, जसं चिखलावर बसचं स्टिअरिंग होतं. डाव्या अंगाच्या चाकाचा आवाज बदलला. धपधप थांबून नुसती भिरभिर ऐकू यायला लागली. धाकटी उजवीकडे कलली होती. उजवं चाक खोल पाण्यात रुतलं होतं, डावं वर उचलून हवेत फिरत होतं, आणि होडी एकाच वल्ह्याने मारल्यावर जशी फिरते तशी ती डावीकडे फिरत होती, थेट खांबाकडे. त्याने सुकाणू पार उजवीकडे दाबलं. काही उपयोग नाही. मग त्याने घंटा मारून फिटरकडून यंत्र उलटं फिरवून घेतलं, म्हणून रंग खरवडण्यावर निभावलं.

धक्क्यावर उतरताना मंडळी आपसात कुजबुजत होती. डॉक्टर एवढंच म्हणाले की काही गोष्टी रक्तात असतात, दातांच्या बाबतीत तर त्यांनी रोज पाहिलं आहे.

ड्रायव्हर घरी आला तो उड्या मारतच. बायकोला वाटलं काहीतरी लागलं. त्याने बाबांपुढे बसून टेबलावर दोन ताटल्या चाकांसारख्या धरून सगळं करून दाखवलं. हात कुणाचाही असता तरी ती वळलीच असती. थोरली बुडाली त्या दिवशी सुट्टी होती, बोट गच्च भरलेली, धक्क्यावर प्रत्येकाचं कुणी ना कुणी. सगळे उजवीकडे धावले असणार.

बाबांनी एक ताटली हातात घेऊन फिरवून पाहिली. मग हळूहळू म्हणाले, "एक लोखंडी गाडा होता रे. आडव्या रुळांवर. आत साखळदंड भरलेले. गर्दी इकडे झाली की खलाशी तो तिकडे ढकलायचे. आम्ही पोरं त्याच्यावर बसायचो." आणि मग: "त्या उन्हाळ्यात काढला तो. तिथे बाकं टाकली. जास्त माणसं बसायला."

फोटोत गाडा नव्हता. फोटोत बाकं होती. आणि गावाने फोटो बघून, प्रेमाने, पोच्यासकट, तीच बोट बांधली होती जी बुडाली होती.

ड्रायव्हर लगेच समितीकडे निघाला. बाबांनी त्याचा सदरा धरला. सांगू नकोस म्हणाले. उद्घाटनाला सगळं गाव काठावर असेल. वळू दे तिला सगळ्यांसमोर. धडकू देऊ नकोस, हात तुझा आहे, यंत्र उलटं फिरवायचं तुला ठाऊक आहे. नुसती वळू दे. एकदा बघू देत. आत्ता सांगितलंस तर ते गुपचूप दुरुस्त करतील आणि माझा बाप प्यायलेलाच राहील.

ड्रायव्हर उंबऱ्यात उभा राहिला. खोटं कशाला सांगा, त्याला ते पटलं. दोन दिवस पटलेलं राहिलं. तो जेवताना मधेच हसायचा. डेपोचे साहेब काठावर उभे आहेत आणि त्यांचा चेहरा उतरतो आहे, असं त्याला दिसायचं. तिसऱ्या दिवशी बायकोने ताट पुढे सरकवत विचारलं, "आजोबांचं नाव धुवायला नदीत माणसं किती घालणार आहात?"

"यंत्र उलटं फिरवता येतं."

"समितीची दहा टाळकी होती तेव्हा फिरलं. गाव चढल्यावर फिरेल?"

त्याने ताट तसंच ठेवलं आणि समितीकडे गेला.

समितीने शांतपणे ऐकून घेतलं. डॉक्टर फार सौम्य झाले. दात काढण्याआधी ते असेच होत. आजोबांबद्दल वाटणं स्वाभाविक आहे, ते म्हणाले, पण घराण्याचं खापर बोटीच्या माथी मारू नये. गाडा फोटोत कुठे आहे? बाबांना आठवतो? बाबांना हेही आठवतं की त्यांचे वडील पीत नव्हते. फिटरने सभेला येण्याआधी आपल्या घरी चहा पिताना ड्रायव्हरने धरलेल्या ताटल्या बघून मान उभी हलवली होती. सभेत ती आडवी हलली. बॉयलर त्याचा होता, आणि बोट निघालीच नाही तर बॉयलर पुन्हा गिरणीत. शेवटी ड्रायव्हरने विश्रांती घ्यावी असं ठरलं. सुकाणू डॉक्टरांच्या पुतण्याकडे गेलं. त्याच्याकडे मोटारबोट होती आणि तिला साजेसा चष्मा.

नदी खात्याच्या कचेरीतही ड्रायव्हर जाऊन आला. तिथले साहेब आले, धक्क्याला बांधलेल्या धाकटीवर पाण्याची पातळी मोजली, ती अगदी सरळ निघाली. बांधून ठेवल्यावर कोण सरळ राहत नाही?

घरी बाबा म्हणाले, "बरंच झालं. आता तर दुसऱ्याच्या हातात असताना वळेल. मग कुणाचं तोंड आहे बोलायला?"

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं. बापाच्या डोळ्यांत त्याला लहान मुलासारखा आनंद दिसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बापाची भीती वाटली.

उद्घाटनाच्या दिवशी बाबा सकाळपासून तयार होते. मी बोटीवर जाणार, ते म्हणाले, मला जवळून बघायचंय. त्यांना घरात कोंडण्याइतका ड्रायव्हर धीट नव्हता आणि एकटं सोडण्याइतका मूर्खही नव्हता. बायकोला त्याने काठावर राहायला सांगितलं. तिने धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकांना, हात हलवू नका, रुमाल काढू नका, म्हणून सांगून पाहिलं. बायकांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू हिला स्वतःला हात हलवायला बोटीवर कुणी धड माणूस नाही म्हणून हिचं पोट दुखतंय.

धाकटी गच्च भरली. डॉक्टरांनी भाषण केलं, ते बोटीआधीच दम टाकत होतं. ड्रायव्हरने बाबांना डाव्या अंगाच्या बाकावर, चाकाच्या पेटीजवळ बसवलं. नदीच्या वरच्या अंगाला फेरी छान झाली. ऊन कोवळं होतं, पोरं पळत होती, एक आजीबाई छताचं कापड चाचपून आपण घातलेले टाके शोधत होती. ड्रायव्हरला क्षणभर वाटलं की आपण चुकलो असू. चुकलो असतो तर किती बरं.

मग परतताना वळण आलं.

धक्का दिसला. तिकडून हात हलायला लागले, आणि इकडची सगळी बोट उठून उजवीकडे गेली. ड्रायव्हर ओरडला, मागे या, डावीकडे या, बोट कलतेय. दोघातिघांनी वळून पाहिलं, बुडवे ओरडतोय म्हणाले, आणि पुन्हा हात हलवायला लागले. पायांखालची फळी तिरकी झाली. डावं चाक भिरभिरायला लागलं. वरती पुतण्याने सुकाणू पार उजवीकडे ओढलेलं दिसत होतं आणि त्याचा चष्मा नाकावर आला होता. खांब समोर मोठा होत चालला होता.

ड्रायव्हरने बाबांकडे पाहिलं. ते बाकाच्या कडेला धरून पुढे वाकले होते आणि खांबाकडे बघत होते.

त्याचं डोकं फिरलं ते खरंच फिरलं. पुढे त्याने कुणाला सांगितलं असतं की ती युक्ती होती, तर ते निम्मंच खरं ठरलं असतं. तो बापावर तोंड टाकून ओरडला. "हेच हवं होतं ना तुम्हाला? बघा आता. पोरं आहेत यात. बघा डोळे भरून." बाबांनी काठी बाकावर आपटली आणि त्याहून वर आवाज लावला: बापाच्या बापाची चाड नसलेला, बसचा नोकर, समितीचा भाट. ड्रायव्हरने त्यांना म्हातारचळ लागलाय म्हटलं. त्यांनी त्याला नालायक म्हटलं.

उजव्या कठड्यावरच्या एका बाईने मान वळवली. तिने शेजारणीला कोपर मारलं. "अगं, बुडव्यांचं जुंपलंय." शेजारीण वळली. शेजारणीचा नवरा वळला. हलणारे हात घरी रोज दिसतात. बापलेकांचं चव्हाट्यावरचं भांडण रोज कुठे बघायला मिळतं? माणसं एकेक करून डावीकडे यायला लागली. फळी किंचित सरळ झाली. भिरभिर थांबून चाकाने पाण्यात एक धप्प दिला.

तो धप्प बाबांनी ऐकला. ते मधेच थांबले. त्यांनी जमत चाललेल्या लोकांकडे पाहिलं, चाकाच्या पेटीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. त्यांना कळलं, हे ड्रायव्हरला दिसलं. ते गप्प बसले असते तर बास होतं. भांडण संपलं म्हणून लोक परत उजवीकडे गेले असते, आणि मग सगळ्या गावाला दिसलं असतं.

आणि ते गप्प होते म्हणून लोक खरंच परत वळायला लागले होते.

बाबा काठीवर भार देऊन उठले. "ऐका," ते म्हणाले. आवाज फार मोठा नव्हता. "माझा बाप प्यायलेला होता त्या दिवशी. सकाळपासून पीत होता. मी बघितलं. जन्मभर खोटं बोललो तुमच्याशी."

अख्खी बोट डावीकडे आली. मागच्यांना ऐकू येईना म्हणून ते पुढच्यांच्या अंगावर रेलले, काय म्हणाला, काय म्हणाला, करत. बाबा सांगत राहिले. कुठली बाटली, कुठे लपवायचा, आई कशी रडायची. एक शब्द खरा नव्हता. ड्रायव्हरला गर्दीच्या खांद्यांमधून खांब दिसला, शेवाळलेला, बाजूने सरकत गेलेला, इतका जवळून की हात लावता आला असता. मग तो मागे गेला. धाकटी आता डावीकडे कलली, उजवीकडे वळली, आणि धक्क्याच्या अलीकडे चिखलात नाक खुपसून थांबली. पुतण्याने चष्मा वर केला. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पुतण्याचा फोटो होता आणि खाली बाबांचं बोलणं होतं. गावाला फार समाधान झालं. इतकी वर्षं जे खरं मानलं ते खरं निघालं, यासारखं सुख नाही. डॉक्टर स्वतः घरी आले, बाबांचा हात हातात घेऊन, मन मोठं केलंत म्हणाले. समितीकडून काही हवं असेल तर सांगा. बाबा म्हणाले, तो लोखंडी गाडा बसवा. डॉक्टर एका पायावर तयार झाले. एवढं खरं बोलणारा माणूस गाड्याबद्दल कशाला खोटं बोलेल?

गाडा बसला. साखळदंड भरले. सुट्टीच्या दिवशी धाकटी फेऱ्या मारते, वळणावर सरळ जाते, आणि गाडा इकडून तिकडे ढकलायला ड्रायव्हरला ठेवला आहे. लोक त्याच्याशी आता जास्त प्रेमाने वागतात. बिचाऱ्याचा आजा दारुडा होता म्हणतात.

बाबा नदीवर जात नाहीत. ते वाक्यही आता म्हणत नाहीत. न्हावी त्यांची दाढी करताना त्यांनाच त्यांच्या बापाच्या गोष्टी सांगतो: बाटली कुठे असायची, आई कशी रडायची. दूधवाल्याकडे आणखी दोन बाटल्या निघाल्या आहेत. बाबा ऐकून घेतात.

एका संध्याकाळी ड्रायव्हर हातांना तेल चोळत बसला होता, गाड्याने तळवे सोलवटले होते. बाबांनी त्याला जवळ बोलावलं. 

"माझा बाप प्यायचा का रे?"

ड्रायव्हर म्हणाला, "नाही, बाबा. थेंबाला शिवत नव्हते."

बाबांनी मान हलवली. मग त्याच्याकडे संशयाने बघत म्हणाले, "तुला काय ठाऊक? तू कुठे होतास तेव्हा?"